धारेची वेळ

बाहेर पडायचं तर आधी अंघोळ.
केस, कानामागे, नखांखाली,
घड्याळ लावून.
आजची ही तिसरी. मारिसेला ओन्तिवेरोसची
कोपरं उलून गेलीत साबणानं.

आत राहिलंय मांजर क्रमांक सात.
पिवळं, दोन वर्षांचं, टेक्ससच्या एका गोठ्यातलं.
धारेच्या वेळी यायचं, सांडलेलं दूध चाटायला.
शेवटच्या दिवशी भिंतीला धडकत होतं,
स्वतःभोवतीच फिरत होतं,
असं मालकिणीनं फॉर्मवर लिहिलंय,
आणि खाली, समासात,
जिथं कुणी काही विचारलेलं नाही:
ह्याचं नाव बिस्किट.

मेंदूचा काप, केसाहून पातळ.
विषाणू असेल तिथं तपकिरी चढतो.
पाहणाऱ्या पेशींत तपकिरी,
तोल सांभाळणाऱ्या पेशींत तपकिरी.
मारिसेला मोजते. चुकते. पुन्हा मोजते.

पाखराच्या आतड्यात एक कडी असते,
ती ह्याला नेमकी काढता येते.
तीच कडी निघाली गाईच्या कासेत.
सगळे फुप्फुसं चाचपत होते
आणि हा दुधात बसलेला.

चौथीत बाईंनी विचारलं होतं,
सस्तन म्हणजे काय?
दूध पाजतात ते.
बरोबर, बस खाली.
त्या उत्तरात अडकून पडलीत तिची पाच वर्षं.

पार्किंगमध्ये उभी राहून ती घरी फोन लावते.
घरी म्हणजे गोठ्यात: वडील पाळीवर,
साडेतीन हजार गाई,
मागे यंत्रांचं चुटूचुटू ओढणं.
चष्मा घालताय ना?
वाफ धरते गं त्याच्यावर, आचळ दिसत नाही.
मास्क?
हसतात.

ती कडी माणसाच्याही डोळ्यात असते.
हे तिनं त्यांना दोनदा सांगितलंय,
एकदा इंग्रजीत, एकदा घरच्या भाषेत,
आणि दोन्ही वेळा ते म्हणाले,
किती शिकलीस.

डोळे लाल झालेत का, पापा?

नुसती यंत्रं.

धूळ आहे. चार दिवस वारा सुटलाय इकडं.
मग, जरा मोठ्यानं:
पगार वेळेवर देतात ना ते लोक तुला?

देतात.
ओल्या केसांतलं पाणी मानेवरून
कॉलरमध्ये उतरतंय.
तारेवर काळी पाखरं, पंधरा-वीस,
सवयीनं ती मोजायला लागते
आणि मध्येच थांबते.
देतात, पापा. डोळे.
डोळ्यांचं सांगा.