तासाला एकदा

खोली मुद्दाम गरम ठेवलेली.
बाहेर स्वान्सीवर आडवा पाऊस,
आत एमलिन प्यू घामेजून चहासाठी भांडतोय.
चहा नाही, कॉफी नाही,
सिगारेटचं तर नावच काढू नका, मी म्हणते.
शिरा आखडतात.

सोमवारी ब्रेकनच्या घाटात, मोटारसायकलीखाली,
त्याच्या नडगीचं हाड उघडं पडलं.
दोनदा धुतलं. सळ्यांच्या पिंजऱ्यात ताठ धरलं.
उघड्या हाडावर नुसतं कातडं टिकत नाही,
त्याला स्वतःचं रक्त घेऊन येणारं काही लागतं.
म्हणून मांडीतून तळहाताएवढा तुकडा उचलला,
धमनीसकट, शिरेसकट,
आणि केसाहून बारीक दोऱ्याने
भिंगाखाली जोडला. नऊ तास.

त्याच मांडीवर पाकोळी गोंदलेली होती,
जहाजावर असतानाची.
तिचा एक पंख आता नडगीवर आहे,
उलटा.
बाकीची पाकोळी टाक्यांच्या रेघेपाशी थांबलीय.

तासाला एकदा मी बोटाने दाबते:
पांढरं, मग दोन सेकंदांत गुलाबी.
डॉप्लरचं टोक टेकवते,
लांब कुणी अंगण झाडतंय
तसा आवाज.

बाबा तासगावात द्राक्षाची कलमं बांधायचे.
रानटी खुंटावर पाचर, वर प्लॅस्टिकची पट्टी,
आणि मला दटावणी: सोडून बघायचं नाही,
रस चढला की डोळा आपला आपण फुटेल.
इथे मला पगार
उघडून बघण्याचाच.

पहाटे तीनला पंख जांभळा.
दाबलं तर लाली लगेच परतली. फारच लगेच.
येणारं येतंय, जाणारं अडलंय.
रजिस्ट्रार पोरगी धावत आली,
एका बुटाची नाडी सुटलेली.
तीन चाळीसला ट्रॉली हलली.
जाताना एमलिन म्हणाला,
"ती कधी वेळेवर घरी आली नाही बघ."
पाकोळी की बायको, मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी पाय पलंगाखाली सोडायची परवानगी.
पाच मिनिटं, घड्याळ लावून.
पंख काळवंडत जातो.
मी पाय उचलायला वाकते,
तो म्हणतो, थांब, अजून एक मिनिट आहे.

मग पाय उशीवर.
रंग परतेपर्यंत दोघंही गप्प.
पंखावर मांडीचे दोन केस उगवलेत.
तक्त्यात त्यांना रकाना नाही.