ळ, मजला एकोणीस

शारजातून साडेसातला निघालेली बस
इत्तिहाद रोडवर नेहमीसारखी अडकली.
एल्सी मॅडमनी तिसऱ्यांदा मोजलं: एकतीस.
बत्तिसावा जिबिन बूट विसरून चपलांवर आलेला,
शेवटच्या सीटमागे वाकून बसला होता.

पहिल्या कंपनीत घसरगुंडी होती.
खरीच. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर.
कुणी घसरत नव्हतं. आम्ही फोटो काढले.

दुसरीत भिंतभर नकाशा,
त्यावर नारिंगी ठिपके सरकत होते.
एक ठिपका, एक मोटारसायकल, कुणाची तरी बिर्याणी.
बाहेर चव्वेचाळीस,
आत आम्ही ओढण्या घट्ट लपेटलेल्या.
अल नहदाजवळ एक ठिपका राखाडी झाला.
"आयडल," म्हणाला दाखवणारा, आणि पुढे गेला.
तन्वीर गेला नाही.
त्याचा मामू याच कंपनीची पेटी पाठीमागे बांधून फिरतो.
"सावलीत थांबला असेल कुणी," मी म्हटलं.
तन्वीर नकाशावरून नजर न काढता म्हणाला,
"तिथं सावली नाहीये."

तिसरी कंपनी, मजला एकोणीस.
दाराशी नाव छापून स्टिकर दिलं:
हेमांगी काळोखे. खाली, अभ्यागत.
"संध्याकाळपर्यंत चालेल," काउंटरवरची म्हणाली,
"मग आपोआप लाल होतं."
मी ते छातीवर चिकटवलं.
माझा जन्म रोला चौकामागच्या दवाखान्यातला.
दर दोन वर्षांनी बाबा आमची मुदत वाढवून आणतात,
येताना जिलबी आणतात.

तिथं एक यंत्र, बोललेलं लिहून दाखवणारं.
"कुठल्याही भाषेत बोला," फारिस म्हणाला. "नव्वद येतात त्याला."
जिबिननं मल्याळममध्ये कॅन्टीनच्या परोट्याला शिव्या घातल्या,
त्या बिनचूक उमटल्या,
आणि एल्सी मॅडमना वाचता आल्या.
मग मी. डोक्यात काही येईना,
सकाळी आई दारातून बोलली तेच बोलले:
"डाळकांदा दिलाय, वेळेवर खा, काळजी घे गं बाळा."
पडद्यावर आलं:
दालकांदा दिलाय, वेलेवर खा, कालजी घे ग बाला.

कालजी नावाचे कुणी गृहस्थ,
बाला नावाचा कुणी मुलगा,
आणि आई कुठेच नाही.

"चुकलं?" फारिसनं विचारलं.
एकच अक्षर, म्हटलं.
त्यानं मार्कर दिला. काचेच्या भिंतीवर,
त्यांच्या चौकोनांच्या आणि बाणांच्या मधोमध
मी ळ काढला. बालवाडीत काढायचे तसा, चष्म्यासारखा.
त्यानं म्हणून पाहिलं: ल. र. ड.
"जीभ उलटी फिरव रे!" मागून नाझनीन दळवी ओरडली,
तिचं तर आडनावच पणाला लागलेलं.

"याच्यावरून सुरू होणारा एक शब्द सांग."
नाही एकही, मी म्हटलं.
हा पहिला येतच नाही. याच्या आधी कुणीतरी लागतं.
"म्हणजे डिपेंडंट," फारिस हसला,
मग हसता हसता थांबला.
कागदोपत्री तो अम्मानचा. शाळा अजमानची.
मग ळच्या शेजारी त्यानं त्याचं अक्षर काढलं,
पसरट, पोटवालं, डोक्यावर एक टिंब.
म्हणाला, आजी सांगायची, हे आमच्याशिवाय कुणाला येत नाही.
मला आलं नाही.

निघताना लिफ्टपाशी वळून पाहिलं.
काचेच्या पलीकडून ळ उलटा दिसत होता,
जवळजवळ तसाच.
कुणी बादलीवाला रात्री पुसेल.
की विचारेल कुणाला?

बस ममजारपाशी आली तेव्हा
स्टिकरचा एक कोपरा लाल झाला होता.
डबा तसाच राहिलेला. उघडला.
एसीत डाळकांद्यावरचं तेल गोठलेलं.
वेळ टळून गेली होती तरी खाल्ला,
अर्धा तन्वीरला दिला,
तो खिडकीतून प्रत्येक मोटारसायकलकडे पाहत होता.
एल्सी मॅडम मोजत होत्या.
बत्तीस, म्हणाल्या,
आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.