पंचवीसपर्यंत

सोहारच्या कॅम्पात वरचा पलंग माझा, खालचा सरगुरोहचा.
मधे एक फळी आणि चार वर्षं.

घोरण्याचं काही नाही. घोरतात सगळेच,
तेकबहादुर तर नेपाळीत घोरतो, असं कुरियन म्हणतो.
सरगुरोहचं निराळं.
चढावर ट्रेलर घातल्यासारखा घरघरत जायचा
आणि मधेच बंद.
नुसता एसी, आणि बाहेर फलजच्या रस्त्यावर एखादं कुत्रं.
मी अंधारात मोजायला लागायचो.
नऊ. दहा. अकरा.
विसाला माझाच श्वास अडायचा.
पंचवीसला मी फळीवर टाच आपटायचो,
खाली कोणी विहिरीतून वर आल्यासारखा
हवा ओढायचा,
आणि पुन्हा चढ.

सकाळी म्हणायचा, झोप छान लागली.
आणि सिग्नलला स्टिअरिंगवर पेंगायचा,
पाठीमागे तीस टन ॲल्युमिनियम.

बंदराच्या गेटला कठडा घासला त्या दिवशी
फोरमनला मीच सांगितलं.
त्याला गाडीवरून उतरवलं, यार्डात घातलं, पगार कापला.
अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही.
रात्री मात्र माझ्या टाचेचं ऐकायचा.

बोटाला चिमटा लावून एक रात्र झोपवलं.
कागद आला : तासाला एक्केचाळीस वेळा.
हिशेबाला पक्का माणूस.
सात तासांचे दोनशे सत्त्याऐंशी, म्हणाला,
इतक्यांदा मेलो, आणि पगार एकदाच कापला.
बारावा दिवस होता तो.

वजन उतरवा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मेसमध्ये भात, बटाटा आणि भात.
उताणे झोपू नका.
कुरियनने बनियनला पाठीवर खिसा शिवला, आत टेनिसचा चेंडू.
पहिल्या रात्री शिव्या,
तिसऱ्या रात्री चेंडूवरच उताणा, गादी असल्यासारखा.
दातांत बसवायचं एक साधन असतं,
खालचा जबडा पुढे ओढून धरतं.
पण खालच्या दाढा मस्कतलाच पडल्या होत्या,
ते धरणार कशाला?
घशाचं ऑपरेशन करता येतं, पण खात्री देत नाही, त्या म्हणाल्या.
मग घशाला कशाला छळा, हा म्हणाला.

उरलं यंत्र.
नाकावर मुखवटा, नळी, रात्रभर हवेचा दाब.
तीनशे दहा रियाल.
विम्याच्या कागदात ते कुठेच नव्हतं.
त्या महिन्याची भिशी तेकबहादुरची,
घरावर पत्रे घालायचे होते त्याला.
त्याने पैसे उशाशी ठेवले आणि आंघोळीला गेला.
का, ते अजून सांगितलेलं नाही.

किटलीचा प्लग काढला.
मुखवटा बांधून बसला तेव्हा कुरियन म्हणाला, कॅप्टन, विमान कधी सुटतं?
हसला, तर बाजूने हवा फुर्र.
मग दिवा गेला.

समुद्र इथून सहा किलोमीटर, कधी ऐकू आला नव्हता.
त्या रात्री खालच्या पलंगातून आला,
एकसारखा, न थांबणारा.
मी तरी मोजत राहिलो.
कशाचे आकडे, कळेना.
पहाटेपर्यंत टक्क जागा.

आता तो रजेवर चाललाय, म्हसळ्याला.
हाजराला तू सांग, म्हणाला, माझं ती ऐकत नाही.
मी फोनवर सांगितलं :
मुखवटा रोज धुवायचा.
पाणी डिस्टिल्ड, विहिरीचं नको.
लाईट जाते का तिकडे?
पावसात दोन-दोन रात्री, ती म्हणाली.
मग कुशीवर वळवा, भाभी. आणि मोजत राहा.

मोजतेच मी, ती म्हणाली, लग्न झाल्यापासून, दर रजेला.
तुम्ही कितीला उठवता?

पंचवीसला.

तिकडे थोडा वेळ काहीच नाही.
मोजायचं नव्हतं, तरी सात झाले.

एवढं थांबता? ती म्हणाली.
मी दहाच्या पुढे कधी गेले नाही.