फुटवाल

वट्टमवार सरांनी पहिल्या दिवशी
लेसरच्या खोलीचं दारसुद्धा दाखवलं नाही.
म्हणाले, आधी महिनाभर पट्टी बांध.
बोटांच्या मुळापासून, टाच उघडी सोडू नकोस,
घोट्याशी घट्ट, पोटरीशी सैल,
प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर.
आणि त्याहीआधी पावलाची नाडी बघ.
ती लागत नसेल तर तुझी पट्टीच पाय घेऊन जाईल.
मी बांधत गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या घसरायच्या.

पोशट्टी गड्डमवार, वय बावन्न, धंदा सलून,
गाव धर्माबाद. डावा पाय.
आतल्या घोट्यावर रुपयाएवढी जखम,
भोवतीची कातडी करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
चार वर्षं इसबाचं मलम,
त्याआधी हळद, त्याआधी बिब्बा.
पोटरीवर, कुणी सुतळीचा गुंडा
कातडीखाली टाकून विसरून गेल्यागत शिरा.
'दुखत नाही,' म्हणाला, 'जड होतंय.
शेवटच्या गिऱ्हाइकापातुर नुसता पाय ओढूलालो.'

त्याला उभं केलं, प्रोब लावला,
पोटरी दाबली, सोडली.
पडद्यावर निळं वर गेलं.
मग लाल, खाली.
अर्ध्या सेकंदात थांबायला हवं होतं.
मी मोजत राहिले. एक. दोन. तीन.
सर मागून म्हणाले, काय दिसतंय?
पुस्तकातली झडप आठवायला हवी होती.
मला आठवली लोह्याजवळची एक विहीर,
बाबा कप्पीवरून पाइप वर ओढतायत,
मी बॅटरी धरलेली, दहा वर्षांची,
आणि टोकाला चिखलात माखलेला फुटवाल,
त्यातलं कातडं कुजून गेलेलं.
रात्रभर पाइपातलं पाणी खाली उतरतं,
सकाळी मोटार नुसती हवा ओढते.

'सर, फुटवाल लीक आहे.'
खोली हसली.
पोशट्टी हसला नाही.
'असं सांगा की मंग. चार वर्षं झाली, कुणी सांगंनाच.'

मग पुढचंही मी त्याच बोलीत सांगितलं.
घट्ट मोजे. 'मे महिन्यात? तुम्ही घाला.'
फोमचं इंजेक्शन, बारीक फाट्यांना बरं,
मोठी लाईन पुन्हा उघडू शकते.
ग्लू, पण तो योजनेत बसतो का विचारावं लागेल.
जुनं ऑपरेशन, शीर ओढून काढायची.
त्याच्या चुलत्याची काढली होती, तो खाटेवरून उठून उभाच राहिला.
आणि लेसर. आतून शेकून बंद, त्याच दिवशी चालत घरी.
'बंद? दुरुस्त नाही होत?'
नाही.
तो पायाकडे बघत बसला,
जुन्या नोकराला काढून टाकायचं असावं तसा.

हात माझा होता, मनगटावर सरांचा.
तार गुडघ्याखालून वर, मांडीतून वर.
मोठ्या शिरेच्या तोंडाआधी दोन सेंटीमीटर थांब.
पुढे गेलीस तर, म्हणाले सर,
आणि वाक्य तिथंच सोडलं.
'हलू नका,' मी पोशट्टीला म्हणाले.
'मी दिसभर हेच सांगतो,' तो म्हणाला, 'लोकांना.'

सहाव्या आठवड्यात जखम तुरीच्या डाळीएवढी.
पट्ट्या धुऊन आणल्या होत्या,
गुंडाळलेल्या, माझ्यापेक्षा नीट.
दुकानात आता उंच स्टूल घेतलंय,
पण बसून कटिंग वाकडी होते म्हणे.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं.
'मग फुटवाल बदललास?'
नाही बाबा, ती लाईनच बंद केली.
'आन् पाणी कुठून जाऊलालंय?'
आत खोलवर दुसरी आहे. मोठी. ती शाबूत होती,
आधी तेच तपासतात.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
'आमच्यात,' म्हणाले, 'खाली दुसरी लाईन नसते.'
मागून कुणाची तरी मोटार ऐकू येत होती,
हवा ओढणारी.