न कापता

आंबिया बहाराचं संत्रं चेहऱ्यानं खोटं बोलतं.
साल हिरवीगार, आत साखर;
आणि कधी पिवळंधमक, पण हातात घेतलं
तर रिकाम्या काडेपेटीएवढं हलकं,
फोडी वाळून दोरा झालेल्या.
म्हणून यंत्र आलं वरूड रस्त्यावरच्या शेडात,
दिवाळी उलटून चार दिवस झाले होते,
ट्रॉलीत कुटारावर निजवून आणलं, आजाऱ्यासारखं.

एक पट्टा, एक काळी पेटी, पेटीत दिवा
ज्याचा उजेड आपल्याला दिसत नाही
पण सालीतून आत जातो,
रसाला विचारून परत येतो.
निलय सरांनी हे समजावून सांगितलं
तेव्हा कौतिकाबाई खेरडे म्हणाली,
"म्हणजे न फोडता?"
"न फोडता."
"मंग हे सुरी काहाले आणली?"

सुरी अशासाठी, की यंत्राला अजून काही येत नव्हतं.
त्याला शिकवायला नऊशे संत्री लागणार होती.
देठापाशी पेनानं आकडा, पेटीतून एक फेरी,
मग मधोमध काप.
थेंब काचेवर, काच उजेडाकडे,
एक डोळा मिटून मी वाचायची:
दहा पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक आठ.

कापायचं काम कौतिकाबाईचं.
कापण्याआधी, कुणी विचारलं नसताना,
ती फळ तळहातावर तोलायची, अंगठा देठाजवळ,
आणि सांगून टाकायची.
"गोड." "आतून सुकेल हाये." "ह्याले पाणी लय झालं."
सर म्हणाले, तिचंही लिही, वेगळा रकाना कर.
केला.
पण दोनशे चौऱ्याऐंशीला ती म्हणाली,
"हे पोरायले द्या."
याला आकडा कोणता द्यायचा?

चुकायचीही ती.
चारशे सातला सुकं म्हणाली
आणि सुरीखालून रस कोपरापर्यंत ओघळला.
काही बोलली नाही. अर्धं तिथंच खाल्लं,
बिया मुठीत घेऊन दाराबाहेर टाकल्या,
पुढचं उचललं.

पाचव्या दिवशी आमच्या तोंडात चरे पडले.
नखांच्या कडा पेटलेल्या,
मागच्या भिंतीशी अर्ध्या वाट्यांचा ढीग, त्यावर चिलटं,
बकऱ्याही हुंगून पुढं जायच्या.

त्या संध्याकाळी सर जेवायला गेले
तेव्हा तिनं विचारलं, "हात घालू का व याच्यात?"
आणि उत्तराआधी घातलाच.
पडद्यावर हात आला, राखाडी, उजेड प्यालेला,
शिरा काळ्या, नदीनाल्यांच्या नकाशासारख्या,
बोटावर सुरीचा जुना घट्टा.
यंत्राला "हे फळ नाही" म्हणायला
आम्ही कुठं शिकवलं होतं?
त्यानं निमूट लिहिलं: सहा पूर्णांक चार. तिसरी प्रत. रसासाठी.

ती हसली, शेडाचे पत्रे वाजावेत तशी.
"बरोबर सांगते बाप्पा. निंघालाच हाये रस."
मग हात पदराला पुसत म्हणाली,
"अमरावतीले डाक्टरनं पोटावर थंडं मलम लावून
असंच पाह्यलं होतं. न कापता."
थोडं थांबून,
"मंग कापलंच."

आता यंत्र चांगलं चालतं.
मिनिटाला तीनशे फळं, ज्याची त्याची पेटी,
सुकी बाजूला, गोड बांगलादेशाला.
पट्ट्याच्या टोकाशी कौतिकाबाई कागद गुंडाळते,
हाताला आवडलं नाही तर अजून एखादं काढून ठेवते,
सर पाहत नाहीत असं दाखवतात.

फक्त आठशे त्र्याण्णव.
त्याची फेरी झाली होती, उजेड जाऊन आला होता,
सगळे आकडे आहेत, आणि शेवटचा रकाना कोरा.
तोललं तिनं, अंगठा ठेवला,
आणि काही न सांगता कनवटीला लावलं.
सरांनी नंतर दोनदा विचारलं.
उंदरानं नेलं असेल, मी म्हटलं.
शेडात उंदीर आहेत, हे खोटं नाही.