शनिवारचं तेल

रुवीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी
रातोरात गतिरोधक केला आणि रंग दिला नाही.
एवढंच माझं म्हणणं आहे.
खालून नारळ फुटल्याचा आवाज आला.
मी इंजिन बंद केलं तोवर
डांबरावर तेल पसरत चाललेलं, कसलीही घाई न करता,
अनोळखी घरात मांजर शिरावं तसं.
ऑइल पॅन. आमच्याकडे म्हणतात, चेंबर फुटला.

गाडी दोन दारांची, दोन सीटांची, सतरा वर्षांची,
जमिनीपासून चार बोटं वर.
बेचाळिसाव्या वर्षी घेतली, कुणाला न विचारता.
शोरूमवाला म्हणाला, दोनशे ऐंशी रियाल,
आणि पॅन जपानहून यायला तीन आठवडे.
मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते,
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
मला अठरा बोल्ट जड आहेत?

वडील इचलकरंजीत मागांचे जॉबर.
ज्यानं उघडलं त्यानंच मिटावं, एवढंच बोलायचे, तेही क्वचित.
आईचं वेगळं : शनिवारी तेल घरात आणू नये.
पण इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार.
शुक्रवारी नमाजानंतर दुकानं उघडली, भंगार गल्लीत
त्याच मॉडेलचा जुना पॅन मिळाला अठरा रियालला,
तेल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. सहा लिटर.
माफ कर, म्हटलं,
आणि पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले.

बाहेर चव्वेचाळीस. खाली हवाच नव्हती.
सोळा बोल्ट आले, हाक मारल्यासारखे.
सतरावा आडव्या तुळईमागे,
बोटांना दिसतो, डोळ्यांना नाही. तोही आला.
अठरावा तुटला.
अगदी हळू तुटला. डोकं तेवढं माझ्या हातात.
तेलही गेलं, तूपही गेलं,
धुपाटणं म्हणून दहा नंबरचा सॉकेट.
नातूर मोजाफ्फर वाकून म्हणाला, मॅडम, मिस्त्री?
मी उत्तर दिलं नाही. कोपरापर्यंत ओघळलेलं तेल
बाहीत जाईपर्यंत तशीच पडून राहिले.

वादी कबीरमध्ये रिकव्हरीच्या पाठीवरून तिला उतरवलं.
मिस्त्री बलोच, साठी उलटलेला, नाव शंबे.
म्हणजे काय, विचारलं.
शनिवार, म्हणाला. त्या दिवशी जन्मलो,
आईनं जास्त विचार केला नाही.
मला हसू आवरेना. कारण सांगितलं नाही.

कुणी उघडलं?
मी.
बोल्ट?
मी पुठ्ठा दाखवला : त्यावर पॅनचा आकार काढून
जिथला बोल्ट तिथे खोचलेला.
अठराव्याच्या जागी नुसतं डोकं.
तो बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला.
मग गाडीखाली गेला, उलटा ड्रिल लावला,
आणि चार मिनिटांत तो तुकडा
माझ्या तळहातावर ठेवला, काढलेला दात दाखवतात तसा.
चार मिनिटं. मी घड्याळ बघत होते.
ते चुकत असेल तर बरं, असंही वाटून गेलं.

सीलंटची ट्यूब मात्र त्यानं आधी जवळ धरली,
मग लांब, मग पुन्हा जवळ.
चष्मा सोहारला मुलीकडे राहिलाय, म्हणाला. तू लाव.
मी लावलं. तीन मिलिमीटरची काळी रेघ,
प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगानं वळवून,
कुठेही न तुटता.
रोज मेण लावते त्याच हातानं.
त्यानं आवळले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मोजायला काही नाही, फक्त मनगट,
आणि दर वेळी ते एकाच जागी थांबत होतं.

पंचवीस रियाल.
मी पाकीट काढलं तसा म्हणाला, वीस.
पाच तुझ्या पुठ्ठ्याचे.
तेल आज भरायचं नाही, सुकू दे, उद्या.
उद्या रविवार.
आईचं तेवढं राहिलं.

सोमवारी पहाटे गाडीखाली ओला डाग.
मी पायरीवरच बसले.
मग गेले, बोट लावलं, वास घेतला.
पाणी. एसीचं.
पुठ्ठा अजून तिथेच आहे.