घसाऱ्याचा रकाना

पोर्ट एलिझाबेथला वारा पगारी नोकरासारखा रोज कामावर येतो.
त्या दिवशी माझ्या आधीच आला होता,
गॅरेजचा पत्रा वाजवत बसला होता.

ऑब्री फेब्रुवारी, वय एकोणऐंशी.
आडनावाला हसू नका, मिस, म्हणाले,
खापरपणजोबांना ज्या महिन्यात विकत घेतलं
तो महिना चिकटला घराण्याला.
मूळचं काय होतं, कुणी लिहून ठेवलं नाही.
मी लिहिलं: मालक, फेब्रुवारी.
विक्रीचं कारण, काचबिंदू.

मग त्यांनी चादर ओढली.
निळी, बुटकी, झडप घालण्याआधी दबून बसलेली.
अस्सल असती तर हातोडा पडेपर्यंत
लिलावाच्या दिवाणखान्यात कुणी खोकलं नसतं.
ही अस्सल नाही.
बॉडी फायबरग्लासची, साचा याच गॅरेजात केलेला,
इंजिन एका मोडीत निघालेल्या पिकअपचं,
गिअरबॉक्स जपानी, आरसे दोन जातींचे,
मीटरच्या काचा मात्र
चष्म्याच्या दुकानातून घासून आणलेल्या.

खरेदीदार जोहान्सबर्गचा. फी त्याची.
मी फक्त वाजवी किंमत सांगायची.
वाजवी.
दिवसातून चारदा वापरते हा शब्द
आणि एकदाही चाखून बघत नाही.

नाणं वाजवून बघावं तसं दार वाजवलं,
चासीखाली आडवी झाले, जोडांवरून नख फिरवलं.
नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात,
पण अकलेला बाजारभाव नाही,
मजुरीला आहे;
आणि अकरा वर्षांच्या रविवारांची मजुरी
माझ्या तक्त्यात कुठेच बसेना.

डाव्या मडगार्डला पोचा होता.
तळहाताएवढा, दिव्याच्या खाली.
घसाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अपघात, डावी बाजू,
वजा बारा हजार रँड.
आणि पेन थांबलं.

फायबरग्लासला पोचा पडत नाही.
ते तडकतं, धाग्याधाग्याने फाटतं,
पत्र्यासारखं मुकाट आत जात नाही.
पुन्हा हात फिरवला.
चीर नाही. ठिगळ नाही.
पोचा साच्यातच होता.

"पासष्ट साल," म्हातारा म्हणाला.
"गोऱ्यांचा स्टँड तिकडे, सावलीत.
आम्ही वळणावर, तारेच्या कुंपणाशी.
तिथेच घासत येऊन थांबली ती,
माझ्यापासून दोन हातांवर.
ड्रायव्हर शिव्या देत उतरला, मी तारेतून हात घातला.
बोटं जेमतेम पोचली, ती इथे.
चटका बसला, मिस. तरी काढली नाहीत."

वारा क्षणभर चहाला गेला असावा.

"म्हणजे हा पोचा मुद्दाम?"
"तो आधी केला.
बाकीची गाडी मग त्याच्याभोवती."

बारा हजार खोडले.
अधिक लिहावं म्हटलं, तर
अधिकाला छापील फॉर्मात जागाच नाही,
आमच्याकडे गोष्टी फक्त झिजतात.
खाली 'विशेष शेरा' म्हणून दोन ओळी असतात,
कंपनीत त्या कुणी वाचत नाही.
तिथे लिहिलं:
डाव्या मडगार्डला पोचा. मूळचा.

इतक्यात जोहान्सबर्गचा फोन.
फोटो मिळाले, छान आहे, तो म्हणाला,
फक्त तेवढा डाग भरून देतील का?
आवाज स्पीकरवर होता, चूक माझी.
ऑब्री फेब्रुवारी फडक्याने
दोन जातींचे आरसे पुसत राहिले,
आधी एक, मग दुसरा, मग परत पहिला.
विचारून कळवते, म्हटलं,
आणि विचारलं नाही.

बेरीज केली. पुन्हा केली.
तीन लाख चाळीस हजार रँड, मी सांगितलं, वाजवी.

ते काहीतरी म्हणाले.
"एवढी?" म्हणाले की "एवढीच?"
त्याच वेळी पत्रा पुन्हा वाजायला लागला होता.
शेवटचा 'च' वाऱ्याने खाल्ला की त्यांनी गिळला,
गाडीत बसून मी तेच ठरवत होते,
किल्ली लावायची राहिली होती.